पुढची काळी, मागची पितळी

आमच्याकडे काळ्या रिमांची साथ आली आहे. ऑगस्टात हौशी गाड्यांची जत्रा भरते त्या शनिवारी वुडवर्डच्या रस्त्याला उभे राहा, दहातल्या आठ गाड्यांना काळ्या रिमा दिसतील. काळ्याच का, असं विचारलं की मालक म्हणतात, रुबाब येतो. काळ्या टायरात काळी रिम म्हणजे ती दिसतच नाही, मग रुबाब कुठून येणार? माझ्या गाडीलाही मूळच्या काळ्याच होत्या, म्हणून मी पितळी रंगाच्या घ्यायच्या ठरवल्या. हिरव्या मस्टँगला पितळी रिमा, यात कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतं. तरी प्रत्येकाने न विचारता सांगितलं.

मी रोझाली गोर्निक, वय त्रेसष्ट, राहणार हेझल पार्क, मिशिगन. सत्तावीस वर्षं मी मोटारींच्या कारखान्यात चाकं बसवली. लाइनवरून गाडी पुढ्यात यायची, चाक यायचं, ते चढवून हवेच्या गनने पाच नट आवळायचे, की पुढची गाडी हजर. त्या गनच्या थरथरीने माझ्या उजव्या हाताची तीन बोटं मेली. थंडीत ती मेणबत्तीसारखी पांढरी पडतात आणि टाचणी टोचली तरी कळत नाही. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने केक कापला. मी आपली मस्टँग घेतली, तीही हाताने गिअर टाकायची. नुसतं बसूनच जायचं असेल तर बस काय वाईट आहे?

फेब्रुवारीत त्या हाताने मला दगा दिला. चौकात दुसऱ्याऐवजी चौथा गिअर पडला, गाडी बंद पडली आणि मागून येणारा ट्रक हातभर अंतरावर थांबला. शेजारी माझा मुलगा ब्रेंट बसला होता. अडतीस वर्षांचा आहे, शाळेत गणित शिकवतो, एरवी तोंड बंद ठेवणं त्याला जमत नाही. त्या दिवशी घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून तो माझ्या गाडीत बसला नव्हता. मला ते ट्रकपेक्षा जास्त लागलं होतं, पण बोलून दाखवणाऱ्यांतली मी नव्हे.

जुलैत मागच्या अंगणात किएल्बासा सॉसेज भाजत होतो. आमच्या गाड्यांच्या क्लबातला वेंडेल क्रोसही आला होता. हा माणूस दोन वर्षं माझ्या गाडीवर टपून आहे. मी गाडी पुसत असतानाही असा बघतो की मला गाडीवर पांघरूण घालावंसं वाटतं.

"मॉम, विकून टाक ती," ब्रेंट म्हणाला. "ज्या हाताला टाचणी कळत नाही, त्याला गिअर काय कळणार?"

"याच हाताने तुला वाढवलंय."

"डाव्याने वाढवलंस. उजव्यात सिगारेट असायची."

वेंडेल खो खो हसला. "रोझी, माझ्याकडे सुखात राहील गाडी. त्या छान काळ्या रिमा तशाच ठेवीन."

त्या काळ्या रिमांनी माझं डोकं फिरलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "मी नव्या रिमा आणतेय. चारही चाकं मी एकटी बसवणार, याच हाताने. बसवली तर विकायचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही बसवली तर वुडवर्डच्या शनिवारी किल्ली वेंडेलच्या हातात."

"चारही?" वेंडेलने विचारलं.

"तुझ्या गाडीला किती असतात?"

ब्रेंट माझ्याबरोबर दुकानात आला, अर्थात स्वतःच्या गाडीने. तिथे त्याने एकोणीस इंची रिमांकडे बोट दाखवलं. मूळच्याही तेवढ्याच होत्या.

"अठरा," मी म्हणाले. "रिम लहान की रबर जास्त. मिशिगनच्या खड्ड्यांना रबर लागतं."

दुकानदाराने एक छापील कागद पुढे केला. "हा पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि ब्रेकवर धरून बघा. तुमच्या गाडीचे पुढचे ब्रेक मोठे आहेत, अठराच्या रिमेत मावतीलच असं नाही. आणि एकदा टायर चढवला की रिम आम्ही परत घेत नाही."

"बाळा, तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी चाकं बसवतेय," मी म्हणाले. "चढव टायर."

"मॉम, पुठ्ठा कापायला पाच मिनिटं लागतील. मी कापतो."

"तू पोरांचे पेपर तपास."

तो कागद आठवडाभर मांजराच्या वाडग्याखाली होता.

वुडवर्डच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, घरासमोर गाडी लावायच्या जागेत मी जॅक लावला. वेंडेल घडीची खुर्ची आणि बिअर घेऊन प्रेक्षक म्हणून आला. ब्रेंट पायरीवर बसला. आधी मागची दोन. नट हाताने लावले, समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, गाडी खाली घेतली आणि दीडशे फूट-पौंडांवर लावलेला टॉर्कचा पाना ओढला. माप भरलं की हा पाना टक् असा आवाज करतो. पाच वेळा टक्, दुसऱ्या बाजूला पाच वेळा टक्. उन्हात त्या पितळी रिमा अशा झळकल्या की समोरची मिसेस ओकॅफोर दारात येऊन उभी राहिली. वेंडेलची बिअर अर्धी तशीच राहिली. मी त्याच्याकडे मुद्दाम बघितलं.

मग पुढचं डावं. चढलं, नटही बसले. मी ते हाताने फिरवलं आणि तळहाताचा खालचा भाग टायरला टेकवून ठेवला. ही माझी जुनी सवय. बोटं मेली तरी तो भाग जिवंत आहे.

एका फेरीत एकदा काहीतरी लागत होतं. अगदी बारीक.

"काय झालं?" ब्रेंटने विचारलं.

"इकडे ये. हात ठेव इथे."

त्याने ठेवला. मी चाक फिरवलं. "काही नाही लागत," तो म्हणाला.

"परत ठेव. डोळे मीट."

तिसऱ्या फेरीला त्याचा चेहरा बदलला. आम्ही चाक काढून आत पाहिलं. रिमेच्या आतल्या बाजूला रंग खरवडून बोटभर रेघ उमटली होती. ब्रेकचा कॅलिपर, तो मोठा चिमटा, रिमेला घासत होता. पुठ्ठ्याने पाच मिनिटांत सांगितलं असतं ते हेच.

मी तिथेच खाली बसले. सत्तावीस वर्षांत एकदाही चाक बसेल की नाही हा विचार माझ्या मनात आला नव्हता. का येईल? लाइनवर चाक बसतंच. दुसऱ्याच कुठल्या इमारतीत, दुसऱ्याच कुणीतरी, ते आधीच मोजलेलं असतं. मी लाखांनी चाकं बसवली, पण बसवण्याजोगं चाक मी एकदाही निवडलं नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्या जोरावर मिरवले, त्यानेच मला तोंडघशी पाडलं होतं, आणि तेही वेंडेलसमोर.

वेंडेल मात्र मदतीला धावला. "एवढंच ना? मधे पाच मिलिमीटरची चकती घाल. चाक बाहेर सरकेल, घासणार नाही. माझ्या गाडीला तेच केलंय. हवी तर आत्ता आणून देतो."

त्याने खरंच आणून दिली. मी ती लावून पाहिली. चाक मोकळं फिरलं. मग मी नट लावताना फेऱ्या मोजल्या आणि नट काढून चकती त्याच्या हातात परत दिली.

"का? फिरतंय की."

"नट पुरेशा आट्यांवर चढत नाही. नट ज्यांवर चढतात ते स्टड लांब हवेत, आणि ते आज मिळणार नाहीत."

"अगं, कुणाला दिसणार आहे?"

"मला."

"मग पैज?"

पुढची दोन जुनी काळी चाकं पुन्हा चढवली. दहा वेळा टक्. ब्रेंट एकदाही उठला नाही. फक्त पाना ओढताना माझ्या हाताकडे बघत होता.

शनिवारी मी वुडवर्डला गेले. घरी बसावं, असं कुणाला वाटलं असेल तर त्याने मला ओळखलंच नाही. पुढची काळी, मागची पितळी, अशी गाडी क्लबाच्या रांगेत नेऊन लावली. लोक हसले. एकाने विचारलं, उरलेली दोन नाताळात येणार का? मी म्हटलं, हो, तुझ्या बायकोने कबूल केलंय. बाकीचे जास्त हसले.

वेंडेल आला आणि त्याने तळहात पुढे केला. "चार म्हणाली होतीस, रोझी. मी तर दोनच मोजतोय."

"दोनच आहेत. हरले मी."

"मग किल्ली?"

"देत नाही."

"पैज म्हणजे पैज असते."

"असते. मी ती हरले, आणि किल्ली देत नाही. सगळ्यांना सांग, रोझाली गोर्निक शब्दाची खोटी आहे. रांगेच्या त्या टोकाला ऐकू गेलं नसेल, तिथे जाऊनही सांग. तुझी चकती घातली असती तर काल दुपारीच जिंकले असते. मला तसं जिंकायचं नव्हतं. गाडी माझी, हात माझा, चूकही माझी. यातलं काहीच विकायला नाही."

माझा आवाज चढला होता. आजूबाजूची माणसं कोनी डॉगचे सॉसेज-पाव हातात धरून थांबली होती.

ब्रेंट मागे उभा होता. तो पुढे आला, आणि मला वाटलं आता हा मला पैजेचं गणित शिकवणार.

"वेंडेल," तो म्हणाला, "तुझ्या पुढच्या चाकांना ती चकती आहे ना? नट किती फेऱ्या चढतो?"

"बसलाय की घट्ट."

"किती फेऱ्या?"

वेंडेलला माहीत नव्हतं. तो स्वतःच्या गाडीकडे बघू लागला, आणि थोड्या वेळाने तिकडे चालायला लागला, जरा भरभर.

ब्रेंटने माझ्या गाडीचं पलीकडचं दार उघडलं. आत बसला. सीट मागे सरकवली, कारण फेब्रुवारीपासून तिथे माझी पर्स बसत होती. पट्टा लावला.

"नवी चाकं बसवली की पन्नास मैलांनी नट पुन्हा आवळायचे असतात ना?" त्याने विचारलं.

"असतात."

"मग चल. किती झाले?"

"सहा."

मी क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला. चौकात दुसरा टाकताना त्याने माझ्या हाताकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर बघत होता. पण त्याचा उजवा पाय मात्र, तिथे नसलेल्या ब्रेकवर, घट्ट दाबलेला होता.

"पाय काढ," मी म्हणाले.

त्याने काढला.