तिसरा ळ

बायको नोकरीच्या प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेली आणि घरात दोनच माणसं उरली : पेंटर आणि त्याच्या सासूबाई. भांडण कधी नव्हतं, पण बोलणंही बेताचंच. त्या त्याला ‘जावईबापू’ म्हणत, तो त्यांना ‘आई’ म्हणे, आणि जेवण झालं की दोघं आपापल्या खोलीचं दार लोटून घेत.

पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर त्याच्या हातात मुरलेलं होतं. परक्या गल्लीतून जातानाही तो माणसांआधी पाट्या बघायचा आणि एखादी वेलांटी फसलेली दिसली की दातात खडा आल्यासारखं तोंड करायचा. मागच्या खोलीत सासऱ्यांचं पायाने चालवायचं छपाईचं यंत्र आहे, हे त्याला ठाऊक होतं. सासरे गेल्यापासून त्यावर चादर होती. यंत्र चालवायचे सासरे, पण अक्षरांचे खिळे जुळवायच्या सासूबाई. एका रविवारी त्याने भीतभीत विचारलं, “आई, मला शिकवाल?”

त्या उठल्या. यंत्रावरची चादर काढली.

पहिले काही दिवस पेंटरची पुरती दमछाक झाली. ब्रशने अक्षर हवं तसं ताणता येतं; शिशाचा खिळा तसूभर हलत नाही. शिवाय सगळं उलटं वाचायचं. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा शिशाचाच तुकडा असते आणि तीही निवडून बसवावी लागते, हे ऐकून तो हसला, आणि नंतर त्या तुकड्यांपायी अख्खी दुपार घालवून बसला. सासूबाई शेजारी स्टुलावर बसत. चुकलं की नुसतं बोट ठेवत.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या कानावर ही गोष्ट गेली. त्याला कागदी पिशव्यांवर एक ओळ छापून हवी होती, तीही ठसठशीत : ‘सकाळी भाजलेलं सकाळीच मिळेल’. ओळ त्याने स्वतः रचली होती आणि तिच्यावर तो भलताच खूश होता. पण मोठ्या टायपात ळ दोनच निघाले. सासूबाईंनी शब्द बदलायला सुचवून पाहिलं. बेकरीवाला काना-मात्रा हलवू देईना.

“मी लाकडातून कोरतो,” पेंटर म्हणाला.

ळ तर डोळे मिटून काढीन, असं त्याला वाटत होतं. दोन संध्याकाळी त्याने लाकडाचा ठोकळा कोरला. सासूबाईंनी त्याची उंची शिशाच्या खिळ्यांना लावून पाहिली, बुडाला कानस मारली आणि ओळीत बसवला. पहिला कागद निघाला. त्यांनी तो उजेडात धरला आणि म्हणाल्या, झकास झालाय.

पेंटरने मात्र कागदावरच्या नव्या ळवर बोट ठेवलं. कोरण्याच्या नादात त्याने ळ सुलटाच काढला होता. त्यामुळे कागदावर तो उलटा उमटला होता. दोन्ही पोटं जागच्या जागी होती, पण जाड रेघ भलत्याच बाजूला गेली होती.

“कुणाला कळणार आहे?” सासूबाई म्हणाल्या.

“मला कळतंय ना, आई. रोज सकाळी बेकरीवरूनच जातो मी.”

त्या उठल्या, आतून एक बारीक पटाशी घेऊन आल्या आणि त्याच्या हातात दिली. सासऱ्यांची होती. तेही असेच होते, त्या सांगू लागल्या. छापून झालेला गठ्ठा एका टिंबापायी रद्दीत घालायचे, आणि मी डोक्याला हात लावायची. त्या बोलत राहिल्या, तो कोरत राहिला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण सासऱ्यांविषयी इतकं त्याला बायकोकडूनही कळलं नव्हतं.

नवा ळ बसला. पेंटर पायाने यंत्र चालवू लागला. एक कागद तिरका गेला म्हणून त्याने सरळ करायला हात आत घातला.

“अरे, हात काढ!” सासूबाईंनी त्याचं मनगट धरून मागे ओढलं.

यंत्राचा जबडा मिटला आणि उघडला. “कागद गेला तर जाऊ द्यावा,” त्या म्हणाल्या. “कागद पुष्कळ आहेत. तू एकच आहेस.”

त्याने तो कागद काढून टाकला आणि नवा लावला. त्यानंतर ‘जावईबापू’ त्या घरात पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

बेकरीवाल्याने पिशव्या पाहिल्या, ओळ मोठ्याने दोनदा वाचली, स्वतःचीच पाठ थोपटून घेतली आणि अजून मागितल्या. तीन ळांतला लाकडी कुठला, ते त्याला ओळखता आलं नाही.

त्या जादा पिशव्या छापत असतानाच पेंटरची बायको परत आली. यंत्राच्या खडखडाटात दारावरची घंटा कुणाला ऐकू गेली नाही, तेव्हा ती मागच्या दाराने आत शिरली. बघते तो आई आणि नवरा दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवरून हुज्जत घालताहेत : आई म्हणतेय जास्त झाली, नवरा म्हणतोय राहू द्या, ओळीला श्वास घेऊ द्या.

आईने चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं.

“आलीस? बॅग ठेव, हात धुऊन ये. पिशव्या वाळत घालायच्यात.”