उंबरठ्यावरचं बोट

"घे ना फोन. काका आहे."

माझ्या लेकीने, भाविकाने, दोन्ही हात पाठीमागे नेले. पडद्यावर माझा धाकटा दीर नवनीत, सुरतच्या त्याच्या खोलीतून वाकुल्या दाखवत होता. "ए भावडी, डांगर आणलं का आखाजीचं? मला फोड ठेवशील ना?"

ती स्वयंपाकघरात पळाली. "अभ्यास राहिलाय तिचा," म्हणत मी फोन ठेवला. वर्षभर हे असंच चाललेलं. सांजोऱ्या तळता तळता विचारलं, "काकाशी का बोलत नाहीस गं?"

"तो मेलाय ना."

झारा कढईतच राहिला.

आमच्या लोणखेड्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात. घरातली मोठी बाई उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढते. बोटागणिक एका गेलेल्या माणसाचं नाव घेते, त्याला जेवायला बोलावते. गेल्या आखाजीआधी नवनीतने घरात सांगितलं की तो मुलगी बघायला जाणार नाही. त्याचं हेमलवर प्रेम आहे, आणि हेमल पुरुष आहे. माझे सासरे, आप्पा, तेव्हा काही बोलले नाहीत. सणाच्या सकाळी मात्र ओसरीतल्या खाटेवरून म्हणाले, "नवनीतनं बी नाव ले." सासूबाईंनी मेलेल्यांत त्याचंही नाव घेतलं, बोट ओढलं. भाविका माझा पदर धरून उभी होती. तिला काय कळलं, कोणी विचारलं नाही. तेव्हापासून ती उंबरठा उडी मारूनच ओलांडते. मला खेळ वाटला होता.

"अगं, मेलेली माणसं फोन करतात का?"

"भुतं करतात."

"काका कामावर जातो, जेवतो, झोपतो..."

"मेलेली पण जेवतात. उद्या आजीमायने बोलावलं की येतीलच सगळी."

बी.एड.ला मला बालमानसशास्त्र होतं. त्यात हे नव्हतं. मी गॅस बंद केला, फरशीवर तिच्यासमोर बसले.

"ऐक. काका जिवंत आहे. पप्पांचं आणि माझं कसं आहे, तसं काकाचं आणि हेमलकाकाचं आहे. दोघं एका घरात राहतात. आप्पांना ते आवडलं नाही. राग आला त्यांना."

"म्हणून मारलं?"

"मारलं नाही गं. नुसतं नाव..."

ती सांजोरीची कड कुरतडत राहिली. मग म्हणाली, "मला कोणी आवडलं आणि आप्पांना नाही आवडलं, तर माझं बोट कुठे ओढणार? काकाच्या शेजारी?"

मी तिला जवळ ओढलं. "तुझं कोणी ओढणार नाही. मी आहे ना इथे."

"काकाची आई पण इथेच होती," ती म्हणाली.

मान वर केली तर दारात सासूबाई. हातात भिजल्या डाळीचं पातेलं. कधीपासून उभ्या होत्या, कोण जाणे. पातेलं ओट्यावर ठेवून त्या निघून गेल्या.

सकाळी घागर भरली, तिच्यावर डांगर, आमच्याकडचं खरबूज, ठेवलं. सासूबाई उंबरठ्यापाशी बसल्या. "रेवजी आजा, जेवाले या." एक बोट. "सुगंधामाय, जेवाले या." दुसरं. मग त्यांनी बोट पदराला पुसलं.

"नवनीतनं ऱ्हायनं," खाटेवरून आप्पा.

"नई ऱ्हायनं."

"काय म्हनी ऱ्हायनी तू?"

"तो जित्ता शे." आवाज बारीक होता, पण थरथरला नाही. "जित्ता पोऱ्याले मेलास्नी पंगतमा नई बठाडस मी."

माझा नवरा आत निघून गेला. मी भाविकाचा हात घट्ट धरला. आप्पा उठले. गुडघ्यावर हात टेकत वाकले, कुंकवात बोट बुडवलं आणि स्वतःच ओढलं. नाव घ्यायला तोंड उघडलं. ओठ हलत राहिले. नाव काही आलं नाही. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, तो पार लांब जाईपर्यंत ते तसेच वाकलेले. मग खाटेवर जाऊन बसले.

भाविकाने हात सोडवून घेतला. "आप्पा, हाई कोनं बोट शे?"

ते लाल बोट धोतराला पुसू लागले.

तिने आतून ओलं फडकं आणलं आणि ते शेवटचं बोट घासू लागली. आप्पा बघत होते. आता ओरडतील, मग ओरडतील, म्हणून मी उभी. ते ओरडले नाहीत. कुंकू निघालं, लाकडाच्या रेषांमधली लाली तेवढी राहिली.

दुपारी पानं मांडत होतो, तेव्हा नवनीतचा फोन आला. भाविकाने माझ्याआधी उचलला.

"काका, तू जिवंत आहेस ना?"

"आहे की गं! का?"

"मग तुला जेवायला कोण बोलावणार?"

सासूबाई हातातली पोळी घेऊन तशाच थांबल्या. खाटेवर आप्पा लाल बोट धोतराला पुसत होते; मघापासून पुसतच होते. भाविका फोन कानाला लावून अंगणात गेली. उंबरठ्यावरून उडी मारूनच गेली.