देवकापसाच्या वाती

वातीच्या टोकाशी सरकीचा एक काळा कण राहून गेला होता. नखानं काढावा तर वात तुटेल, ठेवावा तर निरांजनात तडतडेल... कस्तुरा तो कण बोटाखाली नुसताच फिरवत राहिली, कारण ओठ मिटलेले होते आणि समोर बंगईवर झोके घेत नानाजी बोलत होते.

वातींचा नेम मौनाचा. सकाळी आंघोळ करून पाटावर बसायचं, त्या दिवसाच्या वाती वळून होईतो तोंडातून शब्द काढायचा नाही. आईचा नेम, आईमागे तिचा. नागपूरला कायदा शिकतानाही तिनं तो सांभाळला. वसतिगृहातल्या मुली हसायच्या, ही मुकी कोर्टात बोलणार काय? बोललीच की ती. पुढं वाशीमच्या वकील मंडळींनी संध्याकाळची कायद्याची शाळा काढली, तेव्हा शिकवायला तिलाच बसवलं. हळू बोलते, देवाधर्माची आहे, पोरं हिच्या हाताखाली वाह्यात व्हायची नाहीत — असं म्हणणारे नानाजीच होते. वडिलांचे जिवलग, मंडळींचे अध्यक्ष.

"काहून वं कस्तुरा," बंगई थांबली, "कायदा शिकव म्हटलं होतं तुले. त्या उकंड्याले आत आणून बसव म्हटलं होतं का कोनी? पोरायचे बाप माह्या दारात येऊन राह्यले. तो आपला ओट्यावर बसत होता, आयकत होता, कोनाचं काय बिघडलं होतं?"

कोणाचं काय बिघडलं होतं... त्या ओट्याचीच थट्टा नव्हती का वर्गातल्या भाऊसिंगनं केलेली? ती वहिवाट शिकवत होती — रूढीला कायद्याचा मान हवा तर ती नुसती जुनी असून भागत नाही, वाजवीही असावी लागते — आणि भाऊसिंगनं मागून टोला हाणला, "मंग बाई, उंबऱ्याभाईरचा तो स्टूल वाजवी हाय का?" सगळे हसले. बाहेर स्टुलावर महारवाड्यातला उकंडराव गुडघ्यावर पुस्तक घेऊन बसला होता. त्याची मान वर झाली नाही. तिनं पुस्तक मिटलं. आवाज चढवायची तिला सवयच नव्हती. "चालवा खटला," ती म्हणाली. "उंबऱ्यातर्फे भाऊसिंग. विरुद्ध उकंडराव."

आणि तो बोलला! उंबऱ्याबाहेरून, उभा राहून — माझी फी आत चालते, माझी वही आत तपासली जाते, मग मीच तेवढा बाहेर कोणत्या कलमानं, असं विचारत बोलला. शेवटी भाऊसिंगनंच स्टूल उचलून आत आणला. "हारलो ना भौ. ये, बस. पन परीक्षेत माह्या म्होरं नको जाऊ, माहा बाप मारून टाकन मले."

एवढंच घडलं होतं. एवढ्यानं गावाची झोप उडावी?

"तू तर नेमाधर्माची," नानाजी आता मऊ झाले, "तुले हे शोभते का? तुह्यासारखीनं तर हे सांभाळावं."

तुझ्यासारखीनं. हेच तिला सलत होतं. माझे उपवास, माझी तुळस, माझ्या वाती — हे सगळं यांनी माझ्या नकळत आपल्या बाजूचे साक्षीदार म्हणून उभं केलेलं... कोणी सांगितलं यांना, माझा देव यांच्या ओट्याची राखण करतो म्हणून?

तिनं टोपलीतून कापूस घेतला. अंगणातलं तिचं देवकापसाचं झाड वाळलं, ही बातमी वर्गापर्यंत कशी गेली कोण जाणे. परवा उकंडराव वर्गात बोंडांची टोपली घेऊन आला. "मायनं धाडला बाई. आमच्या अंगनात लय फुटलाय." टोपली त्यानं जमिनीवर ठेवली आणि मागं सरला. मागं सरला! ज्यानं उंबऱ्याविरुद्ध खटला जिंकला त्याचे पाय आपसूक मागं गेले. ती म्हणाली, "हातात द्या." त्यानं दिली. त्या दिवशी घरी येऊन ती न्हाणीत भरल्या घंगाळापाशी उभी राहिली, तांब्या हातात घेऊन... आणि विटाळाची आंघोळ न करताच तांब्या पालथा ठेवला.

"तर मंग ठरलं," नानाजी उठले. "आज संध्याकाळपासून तो ओट्यावर. नाहीतर खोलीची किल्ली माह्याकडे, अन् शाळा बंद. गप हायेस म्हंजे तुले पटलं." त्यांनी नेहमीप्रमाणं ताटातल्या वळलेल्या वातींची जुडी उचलली. त्यांच्या घरी देवापुढं तिच्याच वाती लागत. कपाळाला लावून त्यांनी ती उपरण्याच्या टोकात बांधायला घेतली. "अशा वाती अख्ख्या वाशीमात कोनी वळत नाही वं."

ते पायरीपर्यंत गेले. नेम अजून पुरा व्हायचा होता. किल्ली कमरेला टोचत होती. तेवढं मौन संपेपर्यंत निरोप उकंडरावाच्या दारात पोचला असता, आणि तो काही न बोलता स्टूल बाहेर घेऊन बसला असता — तिच्या मौनावर बसला असता.

"नानाजी."

अर्धी वळलेली वात मांडीवर उलगडली.

"तो कापूस उकंडरावाच्या अंगणातला आहे. त्याच्या आईनं वेचलेला. आणि संध्याकाळी तो आतच बसेल."

उपरण्याची गाठ बोटांत अडकली. देवाच्या वाती, टाकवेनात, आणि बांधवेनातही.

"हे पह्यले काहून नाही सांगितलं?"

"मौनात होते."

ते उभेच राहिले. तिनं मनात अपराधाची वाट पाहिली. आईपासून चालत आलेला नेम मोडला, आता कुठंतरी आत काहीतरी कोसळेल... काही कोसळलं नाही. मी मोडला तो नेम होता की सवय? तिनं पुन्हा कापूस घेतला. पहिल्यापासून वळायचं. ओठ मिटावेत की नाहीत याचा विचार तिच्या मनात नव्हताच. संध्याकाळी वर्गात पहिला प्रश्न कोणाला घालायचा, एवढंच ती ठरवत होती.