हेलनबाईंच्या घरचे सात उन्हाळे

भोईवाड्यात रेडकरांचं इस्पितळ कुणालाही विचारा, दाखवेल. त्याला पन्नास वर्षं होणार म्हणून अनुजा रेडकर घराण्याची छोटी पुस्तिका करत होती. पहिलं पान तिनं शेवंताआत्याला वाचून दाखवलं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, वय चौऱ्याऐंशी.

"उन्हाळ्यात रेडकर कुटुंब मनोरीच्या आपल्या बंगल्यात राहत असे..."

"बंगला मागाहून झाला गो," आत्या म्हणाली. "आधी आम्ही रॉकच्या ओट्यावर राहायचो. ते वाक्य खोड."

मग तिनं सगळं सांगितलं. तिचे वडील दगडू परळच्या गिरणीत कामाला होते. थोरला रघु, म्हणजे अनुजाचे बाबा, दहा वर्षांचा असताना छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत न्या. न्यायचं कुठे? चाळीतले लोक तर आपली पोरं दारावरूनही जाऊ देईनात. तेव्हा शेजारच्या मागावर काम करणारा मनोरीचा रॉक दगडूला म्हणाला, "माझ्या घरी ने. समोर समुद्र आहे."

रॉकची बायको हेलन रघुची भांडी रोज वेगळी उकळायची, पण दार तिनं कधी लावून घेतलं नाही. ओट्यावर त्याची खाट, सकाळी अंडं, दुपारी पेज. असे सात मे महिने गेले. रघु बरा झाला, शिकला, डॉक्टर झाला.

"हेलनमावशीचे आभार मानायचे राहूनच गेले," आत्या म्हणाली.

शनिवारी अनुजा तिला घेऊन मार्वेहून होडीनं मनोरीला गेली. घर होतं तिथंच होतं. दारात रॉकचा मुलगा एल्रॉय शेवग्याच्या शेंगा मोडत बसला होता. त्यानं चष्मा वर केला.

"शेवंती? आंब्यावरून पडलेली?"

"पाडलं कुणी होतं रे?"

दोघं हसली. हसता हसता आत्याचे डोळे भरून आले. "तुझ्या आईला सांगायचं होतं, रघु चांगला जगला म्हणून."

"तिला ठाऊक होतं. शेवटच्या आजारात त्यानंच तर तिला बघितलं. वर्षभर, दर रविवारी होडीनं यायचा. घरी बोलला नाही?"

अनुजाला आठवलं. बाबा रविवारी जेवून निघायचे, 'एक पेशंट आहे' एवढंच म्हणायचे. तिला तेव्हा राग यायचा. आता तिनं आत्याचा हात घट्ट धरला.

"सॅशा," एल्रॉयनं सुनेला हाक मारली, "तांदूळ जास्त टाक."

अनुजा संध्याकाळच्या होडीनं एकटीच परतली. आत्या चार दिवस राहून आली, आणि आल्या आल्या म्हणाली, "आता दरवर्षी जाणार."