अडलेली काडतुसं

ऑरिनने तिसरं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत घातलं. पाऊण गेलं आणि अडलं. त्याने अंगठ्याने रेटून पाहिलं, मग नखाने उपटून ते आधीच्या दोन काडतुसांशेजारी ठेवलं.

"बघितलंस? आता हे काडतुसं भरायचं यंत्र उचल आणि घेऊन जा. हात गेले माझे," तो ड्वेनला म्हणाला.

शेजारच्या रँचवरचा ड्वेन आणि तो, चाळीस वर्षं दर शनिवारी एकत्र नेम मारत आले होते. गेली तीस वर्षं काडतुसं ऑरिन घरीच, गॅरेजात भरायचा; वापरलेल्या पितळी नळीत पुन्हा दारू आणि गोळी बसवायचा. आपलं एकही कधी अडलं नाही, हे मोंटानाभर सांगत फिरायचा. मार्चमध्ये त्याची बायको लवेर्न गेली. त्यानंतर भरलेल्या पहिल्याच पन्नासातली निम्मी चक्रीत जात नव्हती.

"नाचता येईना तर लोक अंगणाला बोल लावतात," ड्वेन म्हणाला. "तू आपलेच पाय तोडायला निघालास. थांब, माप घेऊ."

अडलेलं एक काडतूस त्याने उजेडात फिरवलं. तोंडाच्या जरा खाली पितळ फुगलं होतं, नखाला लागेल इतकंच. मग त्याने डब्यातल्या रिकाम्या पितळी नळ्या एकेक करून कॅलिपरमध्ये धरून मोजल्या.

"यंत्र ठीक आहे, हातही ठीक आहेत. नळ्या लहानमोठ्या आहेत. गोळी बसवताना लांब नळीचं तोंड यंत्रात जास्त आवळलं जातं आणि ती खाली फुगते. छाटत नाहीस का?"

"रायफलच्या छाटतात. रिव्हॉल्व्हरच्या कोण छाटतं? तीस वर्षांत मी एक नाही छाटली."

"मग तीस वर्षं चक्रीत गेल्या कशा?"

रिकाम्या नळ्या पुसायचं काम लवेर्नचं. ती त्या स्वयंपाकघरात घेऊन बसायची आणि पुसून डब्यात भरून आणून द्यायची. "एक नळी पुसायला हिला पाच मिनिटं लागतात. गोगलगाय नुसती!" असं ऑरिन नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांदेखत म्हणायचा. लोक हसायचे. तीही हसायची.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. ड्वेन मागोमाग आला. तिचा ॲप्रन खिळ्यावर होता. मार्चपासून ऑरिनने त्याला हात लावला नव्हता. आता त्याने खिशात हात घातला. नळ्या छाटायचं छोटं हत्यार निघालं, लाकडी मूठ वापरून गुळगुळीत झालेली. खिशाच्या तळाशी पितळेचा बारीक कीस होता. तो त्याच्या बोटांना चिकटून आला.

"ड्वेन, तुला माहीत होतं?"

"नाही रे. पण तिने सांगितलं असतं, तर तू छाटू दिलं असतंस?"

"नसतं दिलं," ऑरिन म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. आजवर आपण कुणाच्या कामाची फुशारकी मारत होतो, ते त्याला आता कळलं होतं, आणि आता ते तिला सांगायची सोय नव्हती.

बऱ्याच वेळाने ड्वेनने नळ्यांचा डबा आणून टेबलावर ठेवला.

"दे ते इकडे. मी छाटून टाकतो."

"नको."

ऑरिन तिच्या खुर्चीवर बसला. हत्यार दोनदा निसटलं. पहिली नळी छाटून, पुसून व्हायला पाच मिनिटं लागली. ऑरिनने दुसरी नळी उचलली.