थांबलं की गरम हवा

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटारगाडी आहे. वय वर्षे पंधरा. तुम्ही म्हणाल, पंधरा म्हणजे काय म्हातारपण? अहो, गाड्यांच्या जातीत पंधरा म्हणजे नातवंडं-पतवंडं बघून झाली! नगरला सावेडीत, एका घरासमोर कडुलिंबाखाली मी उभी असते. अंगावर ओरखडे पुष्कळ आहेत, पण किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू होते. तेवढा तोरा मी अजून सोडलेला नाही.

माझे मालक सुनीलराव. मी शोरूममधून आले तेव्हा त्यांच्या आईंनी, बनुबाईंनी मला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मागच्या सीटवर बसून एसीचा वारा तोंडावर घेतला. "अगं बया! वैशाखात पूस महिना!" असं म्हणून त्या खळखळून हसल्या. तेव्हापासून मागची डावी सीट त्यांची झाली.

दर दसऱ्याला बनुबाई स्वतः झेंडूची माळ ओवून माझ्या पुढच्या जाळीला बांधत. साधं सूत तुटतं, म्हणून खताच्या गोणीची शिवण उसवून निघालेला नायलॉनचा दोरा त्या डब्यात जपून ठेवत. त्यांचा एक दंडक होता. "माळ हातानं तोडायची न्हाई. आपसूक गळू द्यायची. देवाचं हाय." मग फुलं वाळून झडायची आणि दोरा वाऱ्यावर उडत राहायचा. त्याला कोणी हात लावत नसे.

मागच्या दिवाळीनंतर माझ्या जाळीच्या आत काहीतरी आवळल्यासारखं झालं. मार्चमध्ये ऊन तापलं आणि माझं दुखणं उघडं पडलं. पळताना माझी हवा गार असे, पण सिग्नलला उभी राहिले की कोमट आणि मग चक्क गरम! सुनीलरावांनी मला दोन गॅरेजांत नेलं. एकाने गॅस भरला, दुसऱ्याने पुढच्या सीटसमोरच्या खणामागची, आतली हवा गाळणारी जाळी काढून धूळ झटकली. दोघांनीही मला बायपासला पळवलं आणि गार वारा लागताच "झालं काम!" म्हणून मोकळे झाले. अरे बाबांनो, पळताना समोरून वारा मिळतो, मग मी गार होणारच की! जरा उभी करून बघा! पण सांगणार कशी? माझ्या तोंडून हॉर्नशिवाय दुसरं काही निघत नाही.

सुनीलरावांच्या पत्नी रेश्माताईंनी मात्र ओळखलं होतं. "अहो, गाडी थांबली की गरम हवा येते. पुन्हा दाखवा ना."

"मग थांबायचंच कशाला?" सुनीलराव म्हणाले. सगळे हसले. तेव्हा मलाही गंमत वाटली होती. आता ते हसणं आठवलं की जीव नकोसा होतो.

मे महिन्यात काष्टीहून फोन आला. बनुबाईंची धाकटी बहीण चंद्रभागाबाई अगदी शेवटच्या घटका मोजत होती. तिचा मुलगा गोरक्षनाथ म्हणाला, "दादा, मावशीला घेऊन लगेच ये. आई सारखी अक्का अक्का करती."

भर दुपारी आम्ही निघालो. दौंड रस्त्याला मी जीव तोडून पळाले, हवाही गार दिली. अर्ध्या वाटेत कांद्याची ट्रॉली उलटली होती. रस्ताभर कांदे, पुढे गाड्या, मागे गाड्या. मी थांबले, आणि माझ्यातून भट्टीसारखी हवा यायला लागली. काचा उघडल्या तर बाहेर त्याहून झळा. बनुबाईंना रक्तदाबाचा त्रास. तासाभरात त्यांचा चेहरा उतरला. सुनीलराव तोंडावर पाणी मारत होते. "सुन्या, माझं सोड. चंदाकडं चल," एवढं बोलून त्या भोवळ येऊन सीटवर कलंडल्या.

लोकांनी मागच्या गाड्या सरकवून मला उलटी वळवली. आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो. सलाईनची बाटली निम्मी झाली असेल, तेवढ्यात गोरक्षनाथचा फोन आला. चंद्रभागाबाई गेल्या.

परतताना बनुबाई एवढंच म्हणाल्या, "तिला वाटलं असंल, अक्का आलीच न्हाई."

मित्रांनो, त्या दिवशी मला भंगारात घातलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

आठवड्याने सुनीलरावांनी मला छगन मिस्त्रीकडे नेलं. छगनने मला पळवलंच नाही. उन्हात उभी केली, एसी लावला आणि माझ्यासमोर उकिडवा बसून जाळीला हात लावला. "सायेब, एसीचा पंखाच फिरत न्हाई. उभ्या गाडीला ह्योच वारा घालतो." जाळी काढली तर पंख्याला पांढरा दोरा घट्ट गुंडाळलेला, त्यात झेंडूचं एक काळं पडलेलं फूल. पंखा अडकून त्याची मोटर जळली होती. सुनीलरावांनी तो दोरा गुपचूप माझ्या खणात टाकला. घरी सांगितलं, "आई, वायर तुटली होती." नवा पंखा बसला.

पुन्हा दसरा आला. बनुबाईंनी नेहमीसारखी माळ बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीलराव कात्री घेऊन हळूच आले, तर बनुबाई आधीच माझ्यासमोर बसलेल्या. माळ सोडवून मांडीवर घेतलेली.

"आई, माळ हातानं काढत नाहीत ना?"

"खणात चष्मा हुडकत हुते रं. तवा दोरा गावला. माझ्या गोणीचा दोरा मी वळखीत न्हाई व्हय?"

सुनीलरावांनी कात्री बाजूला ठेवली. "चूक माझी आहे आई. रेश्मानं सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं."

बनुबाईंनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "हिनं बी सांगितलं असंल. आपल्यालाच ऐकू आलं न्हाई." मग त्या आपल्या सीटवर जाऊन बसल्या. "पळवू नगं. हितंच एसी लाव."

मी उभ्या उभ्या होता नव्हता तेवढा सगळा गारवा त्यांच्या तोंडावर सोडला. त्या हसल्या नाहीत. शेजारच्या रिकाम्या सीटवर हात फिरवत म्हणाल्या, "चंदे, आता गार हाय गं."

मित्रांनो, आम्हाला माळ जरूर घाला, पण फुलं कोमेजली की दोऱ्यासकट उतरवा. आणि यंत्र असो की माणूस, थांबल्यावर ज्याला त्रास होतो त्याला पळवून बघू नका. घटकाभर त्याच्यापाशी थांबा.