बारीक दातांचं पातं

वा.

एवढंच म्हणाले आप्पा. धाकट्या मुलाने कापलेल्या वाशाच्या टोकावरून अंगठा फिरवला, डोळे मिटले, आणि वा. मग थोरल्याने कापलेला वासा उचलला. अंगठा फिरला. डोळे उघडेच.

"चालेल."

उद्यापासून छताचे वासे. एक भाऊ खाली आप्पांशेजारी उभा राहून कापणार, दुसरा वर चढून ठोकणार. खाली कापतो त्याला या घरात मिस्त्री म्हणतात. आप्पांचे हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी लाकूड कापायचा कटर सोडलाय, अंगठा सोडलेला नाही. कोण कापणार ते उद्या सकाळी बघून सांगतो म्हणाले. थोरल्याला हे

———

झोंबलं. बघायचं काय त्यात?

शिवाय धाकट्याच्या कटरला नवं पातं त्यानेच बसवून दिलं होतं. चोवीस दातांचं. "सांगाड्याला दात कमी हवेत," असं वर शिकवलंही होतं. "दातांमध्ये जागा असली की भुसा बाहेर पडतो, पातं अडकत नाही." स्वतः मात्र बोथट झालेल्यावर भागवत होता. म्हणजे ती वा मुळात

———

कुणाची?

दुकानात त्याने चोवीस दातांचं मागितलंच नाही. धाकट्यासारखं कशाला? भिंतीवरच्या साठ दातांच्या पात्याकडे बोट दाखवलं.

"कपाटं करता का?" दुकानदाराने विचारलं.

"हो."

"मग ठीक. ओल्या लाकडाला लावू नका हं."

"मला शिकवता?"

घरी तो पातं उजेडात धरून फिरवत बसला.

"आरसा आणलात का?" बायकोने विचारलं.

"पातं आहे."

"मग एवढं तोंड काय बघताय त्यात? भावजींना दाखवलंत?"

"उद्या दिसेल त्याला."

(उद्या. धाकट्याचं तोंड एवढंसं होईल. आप्पा डोळे मिटतील. इतका गुळगुळीत काप की

———

धूर.)

लाकूड ओलं होतं. कालच गाडीतून उतरलेलं, हाताला गार लागणारं. पातं सुरुवातीला सुरेख शिरलं. मग बारीक दातांत ओला भुसा चिकटून बसला, आवाज जाड झाला, जळका वास सुटला. थांबायला हवं होतं. धाकटा बघत होता, म्हणून त्याने आणखी रेटलं.

पातं अडकलं. कटर हिसका देऊन मागे आला आणि बंद पडला.

"लागलं का रे दादा?" धाकटा धावला.

"नाही! हो बाजूला."

आप्पांनी अर्धवट चिरेवर अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला. त्यांनी तो थोरल्याच्याच सदऱ्याला पुसला.

"हे कपाटाचं पातं. सांगाडा तर फळ्यांमागे झाकला जाणार. गुळगुळीत कुणासाठी करत होतास?"

थोरला अडकलेलं पातं सोडवायला लागला.

"तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग तर तू वरच चढ."

———

वर. खाली धाकट्याचा कटर सरसर चालतोय, भुसा मोकळा उडतोय. त्याच्या बाजूला आप्पा. मधूनच वा. वरपर्यंत ऐकू येतं, नको असलं तरी.

पहिला वासा वर आला. थोरल्याने तो आढ्याला टेकवला आणि फट शोधली. डाव्या बाजूने, मग उजव्या. नखभर तरी असेल. नव्हती. वासा असा बसला की जणू आढ्यालाच फुटलेली फांदी. नकळत त्याचा अंगठा त्या सांध्यावरून फिरला, डोळे मिटायला लागले. त्याने ते

———

उघडेच ठेवले.

"दादा, बसला का?" धाकटा मान वर करून उभा. कटर बंद. कपाळाला भुसा. आप्पा शेजारी असूनही तो वरच बघत होता.

थोरल्याने वेळ लावला. खिळा काढला, दातांत धरला, परत हातात घेतला.

"बोल ना, कसा आहे?"

"चालेल."

धाकट्याची मान हळूहळू खाली गेली. थोरल्याने ती पूर्ण खाली जाईपर्यंत पाहिली. मग पहिला घाव घातला, आणि ओरडला,

"पुढचा दे."